आभार मानतो

हरी गावंडेचं आयुष्यात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं झालं असेल, तर त्याच्या 'ळ'चं. आणि तो ळ काही त्याच्या घरचा नव्हता, बाहेरून आणलेला होता.

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरचा हा मुलगा बारावीनंतर इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला आणि पहिल्याच दिवशी हॉस्टेलच्या मेसमध्ये ताट पुढे करून म्हणाला, "मले दोन पोया द्या." वाढप्याने मुकाट्याने दोन पोळ्या वाढल्या. पण मागच्या रांगेतल्या पंधरा-वीस मुलांनी त्या 'पोया' वरच्यावर झेलल्या आणि पुढची चार वर्षं खाली पडू दिल्या नाहीत. हॉस्टेलात त्याला हरी म्हणून कुणी हाकच मारली नाही. तो 'पोया' झाला. मग पोयानेही मनावर घेतलं. न्हाणीघरात नळ सोडून तो 'बाळ, फळ, कळवळ, खळखळ' घोकू लागला. वर्तमानपत्रांतले अग्रलेख मोठ्याने वाचू लागला. 'मले', 'तुले', 'काऊन' असं जिभेवरचं एकेक सामान त्याने बाहेर काढलं आणि त्या जागी नवं आणून मांडलं. तिसऱ्या वर्षापर्यंत घर असं काही चकाचक झालं की मूळ मालक दारात आला असता तर पत्ता चुकलो म्हणून परत गेला असता.

त्यामुळे १९९४ साली नोकरीसाठी तो बंगलोरला आला तेव्हा त्याच्या मराठीला नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत तो बँकांसाठी प्रोग्रॅम लिहायचा, जे. पी. नगरमध्ये खोली घेऊन राहायचा आणि कंपनीच्या बसने ये-जा करायचा. मराठी बोलायला मिळायचं ते रविवारी मंडळात. मंडळाचे सांस्कृतिक कार्यक्रम श्वेता केतकर बघायची. ती पुण्याची, आणि ती पुण्याची आहे हे दुसऱ्या वाक्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं असायचं. हरीचं बोलणं ऐकून तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही पुण्यात कुठे?"

"कर्वे रोड," हरी म्हणाला. ते अगदीच खोटं नव्हतं. मेस बंद असली की तो तिथे जेवायला जायचा.

"वाटलंच," श्वेता म्हणाली, आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवाचं सूत्रसंचालन त्याच्याकडे आलं. पुढच्या वर्षाचंही ठरल्यासारखंच होतं. हरीला एक आठवडा जमिनीवर पाय टेकवणं जड गेलं.

कंपनीत फोनच्या बोर्डावर मिस राव नावाची ऑपरेटर होती. रिसेप्शनच्या मागे एक काचेची खोली, तिच्यात तो बोर्ड आणि बोर्डासमोर ती, कानांवर हेडफोन. हरी तिला फक्त आवाजाने ओळखायचा. 'गुड मॉर्निंग, कॉल फॉर यू,' एवढंच तिचं बोलणं. राव म्हणजे कानडी किंवा तेलुगू, असं त्याने गृहीत धरलं होतं.

हरीच्या खोलीवर फोन नव्हता. त्याचे वडील दर्यापूरजवळच्या सूतगिरणीत मॅनेजर होते. गिरणीला गुरुवारी सुट्टी, म्हणून त्याची आई विमलाबाई गुरुवारी दुपारी नवऱ्याच्या ऑफिसात, नवऱ्याच्याच खुर्चीत बसून हरीच्या कंपनीत फोन लावायची. पंच्याण्णव सालच्या जूनमधल्या एका गुरुवारी चार वाजता हरीचा फोन वाजला. त्याने उचलला.

"जेवण झालं?" पलीकडून आवाज आला.

"अं?"

"मी राव, बोर्डावरून. तुमची आई आहेत लाईनवर. किती छान बोलतात की त्यांनी! स्वल्प थांबा हं, लाईन देतो."

हरीला एकदम चार धक्के बसले. एक तर मिस राव मराठी निघाली. दुसरं म्हणजे ती बाई असून 'देतो' म्हणाली. तिसरं, पुण्याच्या हॉस्टेलात 'लाईन देणे' या शब्दांचा टेलिफोन खात्याशी काही संबंध नव्हता. आणि चौथं म्हणजे तो स्वर. वाक्य सुरू व्हायचं साधंच, पण शेवटाकडे जाता जाता असं काही हेलकावायचं, की जणू झोपाळ्यावर बसून कुणी पायाने हळूच रेटा द्यावा. त्या हेलात विमलाबाई कधी लाईनवर आल्या ते त्याला कळलंच नाही.

"हॅलो! हरी! काऊन रे, बोलत काऊन नाही?"

"हो आई, मी ठीक आहे. तुमच्याकडे पाऊस कसा आहे?"

"असा काऊन बोलून राह्यला? बाजूले साहेब बसला काय?"

हा प्रश्न ती दर गुरुवारी विचारायची. हरीच्या बाजूला कधीच साहेब नसायचा.

"बरं थे जाऊ दे," आई म्हणाली. "थे फोनवाली पोरगी कोन हाय? मले म्हने, जेवण झालं का. दुपारी चार वाजता इतक्या मायेनं मले तुह्या बापानंही कधी इचारलं नाही."

त्या दिवसानंतर हरीला गुरुवारची ओढ लागली, आणि ती आईच्या फोनसाठी नव्हती हे त्याने स्वतःपाशी कबूल करायला तीन गुरुवार घेतले. चौथ्या गुरुवारी काहीतरी निमित्त काढून तो काचेच्या खोलीत गेला. तिचं नाव प्रमोदिनी. तिचे आजोबा बेळगावहून बंगलोरला आले आणि बसवनगुडीत राहिले. वडील विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना ती अण्णा म्हणायची. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि दोन्हींच्या मध्ये उंबरठा असा काही राहिलाच नव्हता. शब्द चपला न काढता आत यायचे.

"तुमचं मराठी कसं पुस्तकातल्यासारखं आहे की," ती म्हणाली. "त्या मंडळातल्या केतकर मॅडम पण तसंच बोलतात. मला त्यांच्यासमोर तोंड उघडायला भ्या वाटतो."

'भ्या वाटतो.' हरीने ते दोन शब्द दिवसभर मनातल्या मनात घोळवले. संध्याकाळी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ते हळूच स्वतः म्हणूनही पाहिले. त्याच्या तोंडी ते अगदीच बावळट वाटत होते.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये दोघं एका टेबलावर बसू लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रमोदिनीने मनातलं सांगितलं. ती बारा वर्षांची असताना पुण्याला एका लग्नाला गेली होती. तिथल्या चुलतभावंडांनी तिला मधे बसवलं आणि एकेक वाक्य बोलायला लावलं. पुन्हा बोल, पुन्हा बोल, असं म्हणत दोन दिवस हसले. तिला वाटलं होतं, आपण त्यांना फार आवडतोय.

"बसमध्ये अक्कानं सांगितलं मला, ते तसं नव्हतं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही मला शिकवाल? शुद्ध बोलायला?"

मेसच्या रांगेतला मुलगा आत कुठेतरी दचकून उठला. हरीला त्या क्षणी सांगता आलं असतं, की मलाही हसले होते, मी कर्वे रोडचा नाही, हा सगळा उसना माल आहे. पण समोरची मुलगी त्याच्याकडे जाणकाराकडे पाहावं तशी पाहत होती, आणि जाणकार व्हायचा योग काही रोज येत नाही. "जरूर," तो म्हणाला. "त्यात काय अवघड आहे?"

अवघड होतं ते वेगळंच. पहिल्या दिवशी त्याने तिला 'स्वल्प'च्या जागी 'जरा' म्हणायला शिकवलं. तिने दोन-तीनदा 'जरा, जरा' म्हणून पाहिलं आणि संध्याकाळी फोनवर म्हणाली, "जरा थांबा हं." ते 'जरा' हरीला टोचलं. जणू त्याने स्वतःच्या हाताने कुणाच्या तरी अंगणातलं झाड तोडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने धडा बदलला. 'की' चालतं म्हणाला. 'देतो, जातो' याबद्दल तिने विचारलं तर म्हणाला, "जुन्या खानदानी घरांत बायका असंच बोलायच्या. ती चूक नाही, ती शैली आहे." असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते तिने विचारलं नाही, हरीनेही ते पुस्तक अजून वाचलेलं नव्हतं. महिनाभरात शिकवणी अशा मुक्कामाला आली, की प्रमोदिनी जशी आली होती तशीच्या तशी होती. फक्त आता तिला वाटत होतं की आपण सुधारलोय.

त्या वर्षी गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवशीचं आभारप्रदर्शन मंडळाचे अध्यक्ष सुधींद्र देशपांडे यांनी प्रमोदिनीला दिलं. अण्णा तीस वर्षांचे सभासद, त्यांच्या ओळखीमुळे हॉल मिळालेला. त्यांच्या मुलीला मान द्यावा असा हेतू. प्रमोदिनीने दोन रात्री जागून पानभर भाषण लिहिलं आणि घडी घालून हरीच्या हातात ठेवलं.

"एक पण चूक राहायला नको हं," ती म्हणाली. "तीनशे लोक असतात. सगळं बघून द्या."

हरीने ते खोलीवर नेलं आणि लाल पेन काढलं. पहिलंच वाक्य होतं, 'सगळ्यांनी आलात, आम्हाला फार आनंद झालं.' त्याने ते वाचलं. मग तिच्या आवाजात वाचलं. मग पूर्ण पान तिच्या आवाजात, भिंतीकडे तोंड करून, तीनदा वाचलं. 'मी मंडळाच्या वतीनं आभार मानतो. सगळ्यांनी जेवून जावा की.' असं निमंत्रण ऐकून कुठला माणूस उपाशी घरी जाईल? त्याने पेनाला टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी कागद परत देताना म्हणाला, "परफेक्ट."

"एक पण नाही?"

"एकही नाही."

तिचा चेहरा असा उजळला, की हरीला आपण फार मोठं पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला होता. हरी झब्बा घालून माईकपाशी उभा होता आणि प्रत्येक ळ जागच्या जागी पडत होता. शेवटी त्याने मोठ्या झोकात प्रमोदिनीचं नाव घेतलं. निळ्या साडीत ती आली, कागद उलगडला आणि वाचू लागली. 'आनंद झालं'ला पुढच्या दोन रांगांत कुजबुज झाली. 'त्यांनी हॉल दिले'ला कुणी तरी फिस्सकन हसलं. आणि ती 'आभार मानतो' म्हणाली तेव्हा पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या पोरांच्या घोळक्यातून आवाज आला, "मानतो? मिशा फुटल्या वाटतं!" सगळा हॉल हसला. जुनी बंगलोरची माणसं तेवढी हसली नाहीत. त्यांना विनोद कुठे झाला तेच कळलं नव्हतं.

प्रमोदिनी थांबली. तिने कागदाकडे पाहिलं, मग वळून हरीकडे पाहिलं. एकदाच. मग ओळीवर बोट ठेवून तिने उरलेलं भाषण शेवटपर्यंत वाचलं, 'जेवून जावा की'सकट, आणि जिना उतरून थेट अण्णांजवळ जाऊन बसली.

हरी माईकपाशी गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, पण काहीतरी बोलल्याशिवाय तिथून खाली उतरणं त्याला शक्य नव्हतं.

"हसू नका," तो म्हणाला. "तो कागद मी तपासला होता. चूक माझी आहे." हसू थांबेना. त्याने माईक घट्ट धरला. "अन् मी पुण्याचा नाही. मी दर्यापूरचा हाव. मलेही असेच हसले होते. मी पोया म्हटलं तं चार वर्सं मले पोया म्हनत होते…"

पुढच्या रांगेत टाळी पडली. मग दुसरी. मागून शिट्टी आली. "वन्स मोअर!" कुणी तरी ओरडलं. हरी जीव तोडून सांगत होता आणि हॉल पोट धरून हसत होता. तो जितका कळवळून बोलला तितका जास्त रंग भरला. श्वेता केतकरने डोळे पुसले. सुधींद्ररावांनी तिथल्या तिथे घोषणा करून 'उत्स्फूर्त नकले'साठी त्याला एक स्टीलची बादली बक्षीस दिली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलला, तर त्याला बादली मिळाली.

बादली घेऊन तो खाली उतरला तेव्हा नागपूरचा राजस नावाचा एक नवा सभासद मुद्दाम जवळ आला. "चांगली केली तुम्ही वऱ्हाडी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण थोडी प्रॅक्टिस करा. खरा तिकडचा माणूस असं नाही बोलत. ऐकून लगेच समजते, की पुण्याचा माणूस नक्कल करून राह्यला."

हरीला वाटलं, ही बादली पालथी करून डोक्यात घालावी आणि तसंच घरी जावं. जिभेवरचं घर त्याने इतकं नीट धुतलं होतं, की आता परत जायचं म्हटलं तरी तिथे कुणी राहत नव्हतं.

सोमवारी फोन वाजला. "गुड मॉर्निंग, मिस्टर गावंडे. कॉल फॉर यू. प्लीज होल्ड." इंग्रजी स्वच्छ, धुतल्या काचेसारखं. मंगळवारी तसंच. तो काचेच्या खोलीच्या दाराशी गेला, तर तिने हेडफोन न काढता एक बोट वर केलं, आणि ते खाली आलंच नाही. तीन आठवडे हेच चाललं. गुरुवारचा आईचा फोन मात्र आता चारला येईनासा झाला. गिरणीतून तो चारलाच लागायचा, पण बोर्डावरून हरीपर्यंत पोचायला पावणेपाच व्हायचे.

तिसऱ्या गुरुवारी विमलाबाईंनी पाऊसपाणी काही विचारलं नाही.

"मले पोरीनं सारं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तिच्या चुका तुले दिसल्या होत्या का नाही?"

"दिसल्या होत्या."

"मंग?"

"आई, मला ते बोलणं आवडतं. गोड वाटतं ऐकायला."

"म्हनजे तुह्या कानाले गोड लागलं म्हनून तिची फजिती होऊ देली? तू पुन्याले गेला अन् दुसऱ्या मयन्यात पत्र लिव्हलं, की आई, हे लोक मले हसतात, मी आता बोलनं बदलतो. याद हाय? तुह्यं पोया म्हननं मले गोड नोतं लागत काय? पन मी तुले लिव्हलं का, की बाबू, तू पोयाच म्हन, मले ऐकाले बरं वाटते म्हनून? तुह्यं तोंड, तू ठरोशीन. मी आतल्या खोलीत जाऊन रडली अन् बाहीर येऊन कामाले लागली."

हे तिने पाच वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. नेमका त्याच वेळी बाजूला खरोखरच साहेब येऊन उभा राहिला, म्हणून हरीला नीट रडताही आलं नाही.

त्याच संध्याकाळी तो काचेच्या खोलीत गेला आणि बोटाला न जुमानता आत शिरला. प्रमोदिनीच्या भाषणाची नक्कल त्याने आठवून उतरवून काढली होती. भिंतीला तीनदा ऐकवल्यामुळे ती पाठच होती. त्यावर लाल पेनाने सगळ्या दुरुस्त्या केलेल्या होत्या. त्याने तो कागद बोर्डाच्या कडेला ठेवला.

तिने हेडफोन काढला आणि बोटाने लाल खुणा मोजल्या. "सतरा?"

"सतरा."

"या सगळ्या तेव्हा दिसल्या होत्या?"

"हो."

"मग 'परफेक्ट' का म्हणालात?"

"मला तसंच आवडत होतं म्हणून. तुम्हाला काय हवं होतं, त्याचा मी विचारच केला नाही." मग एक श्वास घेऊन त्याने मेसची गोष्ट सांगितली. या वेळी कुणी हसलं नाही. प्रमोदिनीने ऐकून घेतलं आणि मान हलवली; आईकडून तिला ती आधीच कळली होती.

बोर्डावर दिवा लुकलुकला. तिने तो दाबला, कुणाला तरी लाईन दिली आणि पुन्हा कागद हातात घेतला.

"'आनंद झालं' चूक?"

"'आनंद झाला'. आनंद पुल्लिंगी."

"असं कोण ठरवलं?"

"ते मला माहीत नाही."

"आणि दुःख?"

"दुःख झालं. नपुंसकलिंगी."

"हे बरंय तुमचं," ती म्हणाली. मग खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "सरी." कानडीतलं हे 'ठीक आहे' हरीला एव्हाना कळायचं. "पहिल्यापासून शिकवा. या वेळी खरं. आणि केतकर मॅडमला जाऊन सांगायचं, तुम्ही कुठले ते."

रविवारी हरीने श्वेताला सांगितलं. त्याला वाटलं होतं ती हसेल, निदान नाक तरी मुरडेल. पण ती कौतुकाने म्हणाली, "अय्या, दर्यापूरचे? अजिबात वाटत नाही हो तुम्ही!" आणि लाज वाटायची ती गोष्ट अशी, की ते ऐकून हरीला बरं वाटलं. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ते बरं वाटणं टिकलं. पुढे त्याने स्वतःला जी शिवी दिली, ती मात्र अस्सल वऱ्हाडी होती.

शिकवणी पुन्हा सुरू झाली. आता तो काही लपवत नव्हता आणि ती काही विसरत नव्हती. दर आठवड्याला तिच्या बोलण्यातलं काहीतरी गळून पडायचं आणि तो समोरच्या दहीभातात चमचा फिरवत बसायचा. पण 'बरोबर' असेल तिथे 'बरोबर' म्हणायचा. शहाण्णवच्या गणेशोत्सवात अध्यक्षांनी सूत्रसंचालनाला नवीन माणूस हवा म्हटलं, तेव्हा हरीनेच तिचं नाव सुचवलं. तीन तास ती बोलली. एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक लिंग चुकलं नाही. गेल्या वर्षी मिशांचा विनोद करणारं पोरगं तिला येऊन विचारत होतं, "तुम्ही पुण्यात कुठे?"

"मी बसवनगुडीची," ती म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर ती हरीजवळ आली. "कसं झालं?"

"उत्तम झालं," हरी म्हणाला. आणि आता खोटं बोलायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे पुढे म्हणाला, "मला आवडलं नाही."

ती मोठ्याने हसली. "तुम्हाला आवडायसाठी नव्हतंच की ते!" ती म्हणाली. "स्टेजवरचं स्टेजवर. अण्णांसमोर मी असं बोललो तर त्यांना ताप आला म्हणून डॉक्टरला बोलवतील. चला घरी, जेवायला बोलावलंय त्यांनी."

त्या 'बोललो'ने हरीचा उरलासुरला धीर गोळा झाला. लग्नाचं विचारायचं तर आजच, हे त्याने बसवनगुडीच्या वाटेवर ठरवलं. अडचण एकच होती: कशात विचारायचं? पुणेरीत म्हणून पाहिलं तर 'आणि आता मी विनंती करतो' अशी सभेची सुरुवात होत होती. वऱ्हाडीत म्हणावं तर पुन्हा बादली मिळायची भीती. कानडी यायचं ते रिक्षावाल्याला डावीकडे वळवण्यापुरतं. शेवटी अण्णांच्या फाटकापाशी, जास्वंदीच्या झाडाखाली, त्याने इंग्रजीत विचारलं. निदान तिथे तरी आपला काही हेल-बिल नाही, अशी त्याची खात्री होती. चार वाक्यं होती. त्याने ती कामाच्या गंभीरपणाने पार पाडली.

प्रमोदिनीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते भरून आल्याचं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "तुमचं इंग्लिश."

"त्याला काय झालं?"

"दोन वर्षं झाली ऐकतो की मी. तुमचा दिल्लीचा कॉल लागला ना, की लाईन देऊन मी लगेच निघत नाही. स्वल्प थांबतो." तिने पदराने डोळे टिपले. "असं इंग्लिश कुणी बोलत नाही आपल्या कंपनीत. सगळ्यात आवडतं मला. तुमच्या आई बोलतात तस्सं आहे. मी त्यांना सांगितलं पण."

हरी फाटकाला धरून उभा राहिला. सहा वर्षं झाडूनपुसून दर्यापूर घराबाहेर काढलं, आणि ते मागच्या दाराने इंग्रजीत जाऊन बसलं होतं. दिल्लीच्या बँकेला, मुंबईच्या बँकेला, अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांना, सगळ्यांना ते दिसत होतं. फक्त त्यालाच नाही.

"कुठले शब्द?" त्याने घाईने विचारलं. "कुठले शब्द तसे येतात?"

"ते सांगणार नाही."

"का?"

"लगेच दुरुस्त कराल."

"मग मी विचारलं त्याचं काय?"

"त्याचं सरी," प्रमोदिनी म्हणाली आणि फाटक उघडून आत गेली. 'अण्णा, हरी आले,' म्हणून तिने आत वर्दी दिली.

पुढच्या मे महिन्यात दर्यापूरला त्यांचं लग्न झालं. अण्णा आणि विमलाबाई तीन दिवस एकमेकांशी तासन् तास बोलले. निम्मं एकमेकांना कळलं नसावं, पण दोघांनीही तसं जाणवू दिलं नाही. शब्दांचं मात्र प्रमोदिनीने कधीच सांगितलं नाही, आणि आईलाही फितवून ठेवलं.

सुट्टी संपवून कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी दिल्लीच्या बँकेचा फोन आला. हरी सावध झाला. एकेक शब्द तोंडातून काढण्याआधी तो आत वळवून पाहू लागला: हा असेल का, हा तर नसेल? 'सर्व्हर' म्हणायचं होतं, तो थांबला. 'स्टेटमेंट' म्हणायचं होतं, ते गिळलं आणि दुसरा शब्द शोधू लागला. वाक्याच्या मध्येच शांतता पडली. पलीकडचे साहेब दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाले, आणि त्या शांततेत, दिल्ली आणि इलेक्ट्रॉनिक सिटी यांच्या मध्ये कुठेतरी, कुणीतरी खुदकन हसल्याचं दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.